उजव्या पायाची उडी

बाबा, तुमचा उजवाच गुडघा का गेला? शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधून उतरताना तुम्ही आधी उजवा पाय खाली टेकवायचात, मग दांडीला धरून डावा. आई म्हणायची, एमआयडीसीत केमिकलचे ड्रम उचलून उचलून झालं. मीही तेच धरून चालले. ड्रम दोन्ही पायांवर जोर देऊन उचलतात, हे माझ्या डोक्यात यायला इतकी वर्षं जावी लागली. गणपतीत तुम्ही गोल रिंगण धरून नाचायचात, त्या जाखडीत मात्र घुंगरांचे चाळ एकाच पायात बांधतात, उजव्या.

आता मी आपल्या वरंधच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि मुलींची जाखडी बसवते. तुमच्या वेळी मुलींनी कडेला बसून बघायचं. तरी एकदा मी तुमचे चाळ बांधून उडी मारली. तुम्ही जेवताय, मान वर करून म्हणताय, "मांजरासारखी उतरतेस गो. पाय वाजला पायजे. याला नाच नाय म्हनत." फार लागलं होतं मला. पण पुढे मुलींनाही मी तेच शिकवलं, पाय वाजवा. यंदा संघातल्या सगळ्यात चांगल्या मुलीचा गुडघा सुजला, तोही उजवा. डॉक्टर म्हणाले, मांड्या-पोटऱ्या बळकट करा, हलकं उतरायला शिकवा, नाहीतर नाच बंद. गणपती दोन महिन्यांवर. ती माझ्याकडे बघत होती आणि मला तुम्ही बसमधून उतरताना दिसत होतात.

म्हणून सूज ओसरल्यावर आम्ही शाळेच्या पायरीवर सुरुवात केली. एका पायावर उभं राहून, पाच आकडे मोजत, दुसरा पाय खाली टेकवायचा. चवड्यांवर उंच व्हायचं आणि टाचा सावकाश खाली आणायच्या. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं. उड्या सगळ्यात शेवटी, त्याही लहान: आधी चवडा, मग टाच, गुडघा वाकलेला. मी डोळे मिटून ऐकत बसते. गंमत अशी, की धपधप कमी झाली तसे चाळच जास्त स्पष्ट ऐकू यायला लागले. ते घोट्याच्या झटक्यानं वाजतात, जमीन हाणल्यानं नाही. तुम्हाला हे कळलं होतं का कधी?

पण मुली कंटाळल्या. "मॅडम, हा नाच हाय का पीटी?" मी पटकन म्हणून गेले, माझे बाबा रोज करायचे. साफ खोटं. पण तुम्ही गेलात तरी तुमचं नाव अजून चालतं. मुली निमूट पायरीवर चढल्या. कोपऱ्यात तुमच्या नाचाला ढोलकी वाजवणारे काका बसले होते. आता आपलं पितळ उघडं पडणार, असं मला वाटलं. काका म्हणाले, "करायचा खरा. गुडघा गेल्यावर, आमच्या पायरीवर. घरात सांगू नको म्हनला."

परवा ती मुलगी पुन्हा रिंगणात नाचली. गुडघा दुखला नाही. काका ढोलकीवर होते. त्यांनी त्या दिवशी मला सांभाळून घेतलं की खरं सांगितलं, हे मी अजून विचारलेलं नाही. एरवी दहा प्रश्न विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण बाबा, पुन्हा नाचता यावं म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या दारात एकटे धडपडत होतात आणि मला पत्ताही नव्हता, हे खरं निघालं तर? म्हणून विचारत नाही.