खाऱ्या पाण्यात धुतलेली सायकल

पुलगाव,
२ फेब्रुवारी

प्रिय मोहिनी,

माझ्या हातानं आजवर काय काय झालं, त्याची परवा दुकानात बसून यादी केली. किसनरावांची हातानं चालवायची तीनचाकी, जी एकोणीस वर्षांत एकदाच वेल्डिंगला आली. बर्फगोळेवाल्याची गाडी. जुन्या वखराच्या पात्यापासून केलेलं, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचं स्टँड. शिलाई मशीनच्या पायट्यावर चालणारं धार लावायचं चाक. तुझी पहिली सायकल, जिची दांडी मी तीनदा कापली आणि तीनदा जोडली, कारण दर उन्हाळ्यात तुझी उंची वाढायची. यातलं काही मला कुणी शिकवलं नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं तुटलेलं उघडून पाहून आलं. बढाई वाटत असेल तर वाटू दे, थोडी आहेच. पण यादी पुरी झाल्यावर ध्यानात आलं की मी स्वतः बिघडवलेल्या सायकलीची नोंद त्यात नाही. ती तुझ्याकडे राहिली. म्हणून हे पत्र.

मी तुला न्यायला आलो होतो. हे तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार, तरी लिहून देतो. खिशात परतीची दोन तिकिटं होती, एक माझ्या नावाचं, एक तुझ्या. वर्ध्याच्या पतसंस्थेतली नोकरी सोडून तू समुद्राकाठच्या त्या खाऱ्या तळ्याजवळ राहायला गेलीस, पाहुण्यांना सायकलीवर जुनी ठिकाणं दाखवू लागलीस, त्याला येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतील. या काळात मी फोनवर तुझ्याशी फक्त तब्येतीचं बोललो. दिवाळीनंतर चहाच्या टपरीवर बबनराव सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मुकेशभाऊ, इतिहासात एमए झालेली पोरगी तिकडं दुसऱ्याच्या कबरी दाखवत फिरून राह्यली, आपल्या गावात काय मसणवट नाई?’ सगळी टपरी हसली. मीही हसलो. तिथून उठलो ते थेट तिकिटं काढायला गेलो. निघायच्या दिवशी मी सायकल रेल्वेच्या ब्रेकमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, टाकायची म्हणून बारदानात बांधत होतो, तर तुझी आई दारातून म्हणाली, ‘पोरीले पाह्याले चालले का आणाले? आणाले चालले असान तं सायकल कायले नेता?’ मी सुतळीची गाठ आणखी आवळली.

सेवाग्रामहून चेन्नई, तिथून लोकलनं पोन्नेरी, पुढं बस. पुलिकतला उतरलो तेव्हा तू हातात छापील कागद घेऊन उभी होतीस. तुझा नकाशा. त्यावर प्रत्येक ठिकाणापुढं अंतर लिहिलेलं, सावली कुठं, पाणी कुठं, वाळू कुठं लागते, सगळं. मी मनात म्हटलं, मोजलंय की अंदाजानं ठोकलंय ते पाहू. तू लहानपणी पाहिलंस तसं मी गुपचूप चाकाच्या आरीला लाल दोरा बांधला आणि बसथांब्यापासून होडीच्या धक्क्यापर्यंत फेरे मोजत आलो. एक हजार पाचशे बत्तीस फेरे. माझ्या चाकाचा एक फेरा दोन मीटर एकवीस सेंटीमीटरचा, म्हणजे तीन किलोमीटर तीनशे शहाऐंशी मीटर. तुझ्या कागदावर तीन किलोमीटर चारशे. चौदा मीटर चुकलीस, असं मी जरा आनंदानंच सांगितलं. तू हसली नाहीस, रागावली नाहीस, म्हणालीस, ‘बाबा, त्या वळणावर तुम्ही आतून आले. मी बाहेरून मोजलं. आत म्हशी बसतात.’ दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, बाहेरून. बरोबर होतं. आणि आत खरंच म्हशी होत्या, पाच.

त्या पाच दिवसांत तू मला जे दाखवलंस त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. डच लोकांच्या कबरस्तानाच्या दारावर दगडाचे दोन सापळे पहारा देतात, ते पाहून मी आधी हाडांचे सांधे कसे घडवले तेच बघत बसलो. तू मात्र एका कबरीपाशी बसून, समुद्र ओलांडून आलेला माणूस इथं कसा मरून पडला ते पाहुण्यांना सांगत होतीस, आणि एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. मशिदीच्या आवारातली धूपघडी मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिली. अठरा मिनिटं मागं. मी म्हटलं, बिघडलेली आहे. तू म्हणालीस, घड्याळ साऱ्या देशाचं सांगतं, ही या गावाच्या डोक्यावरचा सूर्य सांगते, आणि जानेवारीत सूर्य आणखी थोडा रेंगाळतो. रात्री मी हिशोब करून पाहिला. पटला. आपल्या पोरीचं बोलणं पटवून घ्यायला मला कागद-पेन्सिल लागते, हा दोष माझा.

आता साखळीचं. पहिल्याच संध्याकाळी तू तेलाची बाटली घेऊन आलीस, म्हणालीस, ‘बाबा, साखळीले तेल लावा, इथलं वारं खारं आहे.’ मी काय म्हटलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं: ‘तू मले साखळी शिकवून राह्यली का?’ आपल्या काळ्या मातीत तेल लावलं की धूळ चिकटते, त्याची चिखलपट्टी होऊन दाते खाल्ले जातात. म्हणून रॉकेलनं पुसायची आणि कोरडी चालवायची. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच ओरडून सांगत आलो. तुला तेवढंच माहीत आहे. जे माहीत नाही ते आज सांगतो. तू पाहुण्यांना सोडायला गेलीस तेव्हा मी सायकल घेऊन तळ्यात गुडघाभर पाण्यात उतरलो आणि ती धुतली. चाकाला चिखल लागला की वर्धा नदीत घालून धुवायची, ही आपली जन्माची सवय. पाणी म्हणजे स्वच्छ, एवढंच डोक्यात. मग फडक्यानं पुसून, कोरडी करून, तुझ्या घरमालकीण सेल्वी अक्कांच्या पडवीत ठेवली. असं दोन संध्याकाळी केलं. सेल्वी अक्का काहीतरी हातवारे करून सांगत होत्या. या बाईंना सायकलीतलं काय कळतं, असं मला वाटलं आणि मी त्यांना नमस्कार केला.

चौथ्या दिवशी गावापासून नऊ किलोमीटरवर, वाळूच्या पट्टीवर, अकरा पाहुण्यांसमोर माझी साखळी काठीसारखी ताठ झाली आणि मी जोर लावला तशी तुटली. तांबडी झाली होती. तुला आठवतं ना, एका मास्तरीणबाईंनी विचारलं, हे मेकॅनिक आहेत ना? मला वाळूत शिरावंसं वाटलं. तू म्हणालीस, ‘हो, मला सगळं यांनीच शिकवलं,’ आणि पाहुण्यांना पक्षी बघायला पुढं पाठवलंस. मग खाली बसलीस. माझ्या पिशवीतला पंच घेतलास, दगडावर साखळी टेकवलीस, दोन गंजलेल्या कड्या काढून टाकल्यास, पीन पुन्हा बसवलीस, बोटीच्या इंजिनाचं जाड तेल लावलंस. सतरा मिनिटं. मी सायकल धरून उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझे हात स्वच्छ होते आणि समोरच्याचे काळे. पीन तू बाहेरून आत ठोकलीस, मी ठोकतो तशी. हे मी तुला कधी बोलून शिकवलं नव्हतं. तू दुकानाच्या पायरीवर बसून अभ्यास करायचीस, मला वाटायचं पुस्तकात बघतेस.

तू एकदाही म्हणाली नाहीस की मी सांगितलं होतं. तिथून परतताना वारा अंगावर होता. तू पुढं राहिलीस, माझ्यासाठी वारा अडवत, आणि मला कमीपणा वाटू नये म्हणून मागं वळून पाहिलं नाहीस. मला वाटलंच. त्यावेळी मी दुसरं तिकीट खिशात चुरगाळलं. स्टेशनावर तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सायकल तुला ठेवून घे म्हणालो, तेवढंच जमलं. तुझ्या बर्थवर विजयवाड्यापासून एक बाई लेकराला घेऊन झोपली होती. लेकराचे पाय रात्रभर माझ्या बॅगेवर.

घरी सगळं ठीक. मला एकटा आलेला पाहून तुझ्या आईनं पोहे जास्त केले होते ते शेजारी दिले. मग रात्री म्हणाली, ‘बरं झालं.’ तुझा नकाशा मी दुकानात भिंतीला लावलाय. बबनराव चष्मा लावून वाचून गेले, म्हणाले, ‘इतकं बारीक कोनं मोजलं?’ मी म्हटलं, माझ्या पोरीनं. येत्या डिसेंबरात तुझ्या आईला घेऊन येतो. तिच्यासाठी बिनदांडीची सायकल करून ठेवजो.

आता जे सांगायला बसलो होतो ते. शेवटच्या दिवशी सकाळी तू बाहेर होतीस तेव्हा तिथल्या एका रिसॉर्टचे मालक पडवीत येऊन बसले. हिंदी चांगली बोलत होते. मी कशाला आलोय हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. म्हणाले, मुलीचा नकाशा, बाराही सायकली आणि तिचं जमलेलं नाव आम्हाला द्या, तिला समजवा, घरी घेऊन जा, तुम्हालाही तेच हवंय. खरंच, आठवडाभर आधी मला तेच हवं होतं. मी नाही म्हटलं. तुला न विचारता म्हटलं. गाडी बल्लारशाला थांबली तेव्हा मनात आलं की तुझी वस्तू विकायचा मला जेवढा हक्क नाही, तेवढाच ती नाकारायचाही नाही. फोनवर सांगितलं असतं तर माझं मन राखायला तू ‘बरं केलं बाबा’ म्हणून मोकळी झाली असतीस. म्हणून लिहितोय, म्हणजे सावकाश वाचशील. त्यांचा नंबर मागच्या बाजूला आहे, अंक दोनदा तपासलेत. फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत. तू जे ठरवशील ते मला मान्य, आणि यावेळी खरोखर मान्य. त्यांनी चार लाखांपासून सुरुवात केली होती. मी गप्प बसलो, ते त्यांना सौदा वाटला, आणि ते चढत गेले. मी उठून हात जोडले तेव्हा आकडा सहा लाख पंचाहत्तर हजार रुपयांवर होता.

तुझाच,
बाबा