पहिली फेरी कुणाची

बाबा, आज मी तुला 'तू' म्हणणार आहे. जिवंतपणी म्हटलं असतं तर हातातला पाना भिरकावला असतास. आता तुझ्या हातात पाना नाही, तेव्हा ऐकून घे. तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली. दहाव्याला कावळा आल्या आल्या पानाला शिवला होता आणि आई सगळ्यांना डोळे पुसत सांगत होती, बघा, ह्यांची काही इच्छा राहिली नव्हती. तुझी नसेल राहिली. माझी राहिलीय, त्याचं काय? त्यासाठी कुठला कावळा बोलवायचा?

काल माझ्याकडे एक गाडी आली. माझ्याकडे म्हणजे अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात, ज्याच्या बोर्डावर माझं नाव आहे, हे तुला माहीत नाही म्हणून सांगते. लाल स्पोर्ट्स कार, दोनच सीट, इतकी खाली की आत बसायचं म्हणजे पंगतीला बसल्यासारखं. मालक तरुण, बोलायला गोड. ही गाडी तो रस्त्यावर चालवत नाही, ट्रकवर चढवून कोइंबतूरला रेसच्या ट्रॅकवर नेतो. त्याला कंपनीचं मोठं स्टिअरिंग काढून लहान, बकरीच्या चामड्याचं रेसिंगचं स्टिअरिंग हवं होतं. म्हणजे मध्ये हब आला. तू ज्याला मधली वाटी म्हणायचास तो. एका बाजूने स्टिअरिंगच्या दांड्याच्या दात्यांवर बसतो, दुसऱ्या बाजूने नव्या चाकाचे बोल्ट धरतो. अख्खी गाडी आणि गाडीतला माणूस त्या एका वाटीवर आणि एका नटावर. तुझ्या वेळी एअरबॅग नव्हती, आता असते. आधी बॅटरी काढून गप्प बसायचं, तारांमधली वीज मरू द्यायची, मगच ती स्फोटाची उशी सोडवून तोंड वर करून बाजूला ठेवायची. मागे रिबिनीसारखी गुंडाळलेली वायर असते, ती चाकं सरळ असताना मधोमध टेप लावून धरायची, नाहीतर पहिल्याच वळणाला तुटते. बाकी सगळं तुझंच. दांड्यावर खूण करायची. नट ढिला करायचा, पण पुरता काढायचा नाही, शेवटच्या आट्यांवर ठेवायचा आणि मग चाक ओढायचं. 'पुरतो काढशीत तर स्टिअरिंग थोबाडात बसात,' हे तुझं वाक्य. काल ओढताना तेच कानात वाजलं आणि तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

कारण मला घाटकोपरचं आपलं गॅरेज आठवलं. शाळेतून येऊन दप्तर टायरच्या ढिगावर टाकायचं आणि तुझ्या हाकेची वाट बघायची. माझे हात बारीक, डॅशबोर्डच्या मागे जिथे तुझा पंजा अडकायचा तिथे माझी बोटं आरामात जायची. म्हणून तू मला शिकवलंस, लाड म्हणून नाही. हॉर्नची वायर, वायपरची मोटर, मग हळूहळू स्टिअरिंग. शिकवायचास मात्र झकास, ते नाकारत नाही. ओरडायचास, पण उगाच नाही. आणि तुझा एक नियम होता, गॅरेजचा कायदाच म्हण. ज्याने स्टिअरिंगचा नट आवळला, त्यानेच गाडीची पहिली फेरी मारायची. एकट्याने. गिऱ्हाईक बाहेर उभं. 'हात तुजो, तर पयलो जीव पन तुजो,' असं म्हणायचास. दुसऱ्या गॅरेजवाल्यांना तू हसायचास, की ते काम करतात आणि चावी गिऱ्हाइकाच्या हातात देऊन मागे सरतात. फेरी मारून आलेला माणूस गाडीतून उतरला की तूच गिऱ्हाइकाला सांगायचास, ह्याने केलंय हे काम. तो मान होता. आपल्याकडे दुसरी कुठली पदवी नव्हती.

आणि मला तो मान एकदाही दिला नाहीस. एकदाही नाही रे. नट मी आवळायची आणि फेरी तू मारायचास. मी लहान होते तोवर ठीक, समजू शकते. पण मी अठराची झाले, एकोणिसाची झाले, तरी तेच. मी म्हणायची, बाबा, मला लायसन काढू दे. तू म्हणायचास, 'चेडू गाडी चलवता म्हटल्यार गिरायक येवचा नाय.' पोरीने गाडी चालवली तर लोक काय म्हणतील, हे वाक्य आपल्या चाळीतल्या बायका बोलायच्या, ते मी तुझ्या तोंडून ऐकलं. पोलिसाला न घाबरणारा माणूस तू, गल्लीतल्या दादांना शिव्या घालून हाकलणारा. आणि गिऱ्हाइकाला घाबरलास! कसली ती मिशी आणि कसला तो आवाज, सगळं फुकट.

तो जुहूचा मुलगा आठवतो? त्याची ती पांढरी दोन दरवाजांची गाडी, परदेशातून मागवलेलं स्टिअरिंग आणि त्याबरोबर हब. आपल्या गॅरेजात आलेला तो पहिला हब. तू खोका उघडून वाटी हातात फिरवलीस आणि माझ्याकडे दिलीस. ते काम मी केलं. हॉर्न वाजेना, कारण हबला रंग होता आणि अर्थिंग मिळत नव्हतं. मी रंग खरवडला, पॉलिश पेपर मारला, हॉर्न असा वाजला की समोरचा इस्त्रीवाला बाहेर आला. मी घामाने निथळत होते आणि माझ्या आयुष्यात मी इतकी खूश कधी झाले नव्हते. मग तू गाडीत बसलास, एकटा, फेरी मारून आलास. तो मुलगा म्हणाला, अंकल, कमाल केलीत, एकदम मक्खन चालतंय. आणि मी उभी आहे तिथेच, हातात पॉलिश पेपर, काळी नखं. मला वाटतंय, आता सांगेल. आता म्हणेल, ह्या पोरीने केलंय. तू मिशीवरून हात फिरवलास आणि म्हणालास, 'अरे, आयुष्य गेलं ह्यात माझं.' मग मागे वळून मला, 'जा गो, च्या सांग दोन.'

च्या सांग! मी गेले आणि सांगितला. टपरीवर उभं राहून रडले आणि परत येऊन ग्लास तुमच्या हातात दिले. त्या मुलाने मला थँक्यू म्हटलं, चहासाठी. बाबा, हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. तू मला मारलं असतंस तर मी विसरले असते.

त्यानंतर तू आजारी पडलास आणि गॅरेजची चावी दिलीस दादाच्या हातात. माझा चुलत भाऊ, गावाहून येऊन आपल्याच गॅरेजात तुझ्या हाताखाली शिकलेला, मनाने सोनं, पण हाताने धोंडा. त्याला डाव्या-उजव्या आट्यातला फरक कळायला पावसाळे गेले. आई म्हणाली, पुरुषमाणूस हवा गं उभा. पुढे काय झालं ते तुला कळलं नाही हे बरंच झालं. त्याने गॅरेजची वाट लावली, गाळा गेला, आता तो मुलुंडला शाळेची बस चालवतो आणि खूश आहे. मी लायसन काढलं तुझ्या नंतर, मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये. तिथला शिकवणारा मला म्हणाला, मॅडम, घाबरू नका, ह्याला स्टिअरिंग म्हणतात. ह्याला स्टिअरिंग म्हणतात! त्या दिवशी मी तुला ज्या शिव्या घातल्या त्या आईला ऐकवण्यासारख्या नाहीत. मग दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये राबले, कुणी रिसेप्शनला बसवलं, कुणी बिलं करायला लावली, आणि शेवटी स्वतःचं उघडलं. सोपं नव्हतं. तू तेव्हा चारचौघांत एक वाक्य बोलला असतास ना, तर मला प्रत्येक दारात मी कोण हे पहिल्यापासून सिद्ध करावं लागलं नसतं. तुझं नाव मोठं होतं त्या लाईनमध्ये. त्या नावाचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

तर काल. हब बसला, नट मोजून जोर देणाऱ्या टॉर्क पान्याने आवळला, नवं चाक बोल्ट केलं, हॉर्न वाजवून बघितला. मालक सगळा वेळ समोर उभा, मोबाइलवर शूटिंग करतोय. आणि काम संपल्यावर विचारतो काय, 'मॅडम, फायनल चेक करणारे सर कधी येतील?' मी म्हटलं, 'कुठले सर?' म्हणाला, 'नाही, म्हणजे स्टिअरिंगचं काम आहे ना, कोणी सीनियर असतील.' मी म्हटलं, 'अरे, तू इतका वेळ शूटिंग कुणाचं करतोयस?' बिचारा ओशाळला. सॉरी सॉरी म्हणाला आणि चावी घेऊन सीटकडे निघाला. त्याला पहिल्यांदा बसतानाचा व्हिडिओ टाकायचा होता. मी दारासमोर आडवी उभी राहिले. म्हटलं, 'पहिली फेरी ज्याने नट आवळला त्याची. मग गाडी तुझी.' तो हसला. 'ओके, पण ही गाडी जरा वेगळी आहे हां मॅडम. तुमच्याकडे कोणी ड्रायव्हर नाही का?'

माझं टाळकंच सटकलं. त्याच्यावर नव्हे, तुझ्यावर. कारण नियम तुझा, शब्द तुझे, आणि ते मी एका परक्या पोराला ठणकावून सांगतेय, जणू तू ते मला कधी दिले होतेस. मी त्याला म्हटलं, पाच मिनिटं थांब, आणि बाहेर जाऊन दादाला फोन लावला. का लावला, माहीत नाही. तुझ्यावर ओरडता येत नाही म्हणून असेल. त्याची बस रिकामी उभी होती, दुपारच्या सुट्टीत. मी सगळं ओकले. तो जुहूवाला, तो चहा, ती चावी. म्हटलं, तुझ्या काकांना माझ्या हातावर भरवसाच नव्हता, म्हणून स्वतः फिरायचे, तपासायला. दादा ऐकून घेत होता. मग म्हणाला, 'खुळी आहेस का गं? तपासायचे ते माझं काम. मी नट आवळला की काका मला बाजूला करून परत पाना लावायचे, रोज. गिऱ्हाइकासमोर. तुझ्या नटाला कधी हात लावला नाही त्यांनी. मी एकदा भांडलो, म्हटलं, काका, तिचा का नाही बघत? तर म्हणाले, तिना आवळलो म्हंजे आवळलो. तेका काय बघूचा? आणि बसले गाडीत, गेले हायवेला.'

मी काय करायचं ह्याचं, बाबा? सांग ना. तुला वाटत असेल, आता पोरगी विरघळेल. नाही विरघळत. उलट जास्त संताप आला. म्हणजे तुला माहीत होतं! दादाला सांगितलंस, मला नाही. माझ्या हाताच्या जिवावर हायवेला गाडी पळवलीस आणि परत येऊन मला चहा सांगायला पाठवलंस. हायवेला जीव टाकायला भ्याला नाहीस, आणि एका श्रीमंताच्या पोरासमोर चार शब्द बोलायला भ्यालास. हे कसलं रे प्रेम, की ज्याचं आहे त्यालाच कळू द्यायचं नाही? मला तुझा जीव नको होता. मला ते वाक्य हवं होतं, सगळ्यांच्या समोर, माझी नखं काळी असताना.

फेरी मीच मारली. इस्टेटच्या आतल्या रस्त्याने, आधी डावीकडे पूर्ण वळवून, मग उजवीकडे, मग ब्रेक, मग जरा पाय दाबून. चाक एका केसानेही वाकडं नाही. मी उतरल्या उतरल्या मालक म्हणाला, 'सॉलिड हां मॅडम,' आणि खरंच मनापासून म्हणाला. मी त्याला माफ केलं, त्याचा काय दोष. तुला केलेलं नाही. आईला हे लिहिलेलं वाचून दाखवणार नाही, ती म्हणेल, मेलेल्या माणसाशी काय भांडतेस, तोंडाला लगाम घाल. तुझ्या फोटोपुढेही ठेवणार नाही, तिथे हार आहे आणि तू त्यात फार शहाणा दिसतोस. फाडून टाकेन बहुतेक.

फक्त एक. गाडी गेल्यावर मी दादाला परत फोन केला. म्हटलं, मगाशी रेंज नव्हती रे, काका काय म्हणाले ते नीट ऐकू आलं नाही, परत सांग. त्याने परत सांगितलं. पहिल्या वेळीही अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं.