दुखत नाही तेवढा वेळ

३ फेब्रुवारी १९९८
मशीन एकदाचं सुरू झालं! दोन सिलिंडर — एक ऑक्सिजनचा, एक लाफिंग गॅसचा — आणि नाकावर बसवायचा रबरी मास्क. पहिला पेशंट यशराज, वय आठ. एरवी माझ्या दवाखान्याची पायरी दिसली तरी भोकाड पसरणारा. आज दात निघाला तरी टकामका छताकडे बघत होता. पेशंट जागाच राहतो, फक्त धास्ती जाते. शेवटी नुसता ऑक्सिजन दिला की पाच मिनिटांत गॅस उतरतो. स्वारी चालत घरी गेली.

५ फेब्रुवारी
तोटेही लिहायला हवेत. संयोगिताबाई उपाशीपोटी या म्हणून बजावूनही मिसळ खाऊन आल्या — माझ्या अ‍ॅप्रनवर ओकल्या. पिराजींचं नाक तपकिरीनं चोंदलेलं, गॅस आत जाईना. आणि बडबड्यांना चढतच नाही. तोंड मिटून नाकानं घ्यायचा असतो. कोल्हापुरात अवघडच आहे!

११ फेब्रुवारी
गगनबावड्याच्या विठाबाई. पन्नाशीच्या. दाढ किडून पोकळ. सुईला फार भितात, म्हणून आधी गॅस, मग इंजेक्शन. काही त्रास नाही. मध्येच हसल्या, आवाज न करता. त्यांचे यजमान केरबा दाराशी होते, ते उठून बाहेरच गेले. नंतर त्यांनीच सांगितलं — दोन वर्षांपूर्वी मुलगा घाटात मोटारसायकलसकट दरीत गेला, तेव्हापासून बाई हसलेल्या नाहीत.
मी हे फायद्यांत धरलं नाही. दाताशी त्याचा संबंध नाही.

२० फेब्रुवारी
विठाबाई परत. आता डावीकडची दाढ दुखते म्हणे. ठोकून पाहिली, एक्स-रे काढला. दाढ ठणठणीत. गॅस न देताच घरी पाठवलं.

२७ फेब्रुवारी
पुन्हा त्याच. आज उजवीकडची. तीही चांगली. मी जरा चिडलेच. खरं काय ते सांगा म्हटलं. गॅसला त्या वारं म्हणतात. तेव्हा म्हणाल्या, "त्या वाऱ्यात पोरगं डोळ्याम्होरं येतंय, पर दुखत न्हाय. एवढंच हाय बघा."
औषध ते औषध. समजावून सांगितलं की उतरल्यावर सगळं जिथल्या तिथं असतं, आणि दात खराब असला तरच गॅस देता येतो, एरवी नाही. लगेच मान डोलावली. समजूतदार बाई.

६ मार्च
विठाबाई आल्या. पदर तोंडाशी. वरचा पुढचा दात अर्धा फुटलेला, ओठ सुजलेला. घरी वरवंट्यानं फोडला म्हणाल्या.
"आता खराब हाय की."