रस्त्याची केस अन् दादाचा जबाब

१२ सप्टें.
परत तेच. तारखेला काय झालं विचारलं की दादा म्हणतो, "पुढची दिली." सख्खा भाऊ, पण एक गोष्ट धड सांगत नाय. मी इकडं मोरबीत टाइलच्या भट्टीजवळ भाजून निघतोय, अन् तिकडं सिल्लोडच्या तहसीलात आमच्या शेतरस्त्याची केस चाललीय का झोपलीय, ते मला दुसऱ्याकडून कळायचं.
शेजारच्या आबानं त्याच्या रानातला गाडीरस्ता नांगरून तारा ओढल्या, तवापासून आमचं मक्याचं रान कोंडलंय. माणूस बांधाबांधानं जाईल, ट्रॅक्टर कुठून जाईल? आबाला रान स्वस्तात पाहिजे, दुसरं काय.

१५ सप्टें.
माय फोनवर बोलता बोलता बोलून गेली, दादा आबाचं ट्रॅक्टर चालवतोय. रोजानं. ज्याच्यावर केस, त्याचंच! दादाला विचारलं तर म्हणे, "घरी चार तोंडं हायेत. तुझ्या भट्टीवर घेऊन येऊ का जेवायला?"
तोंडं चार हायेत, खरंय. पण तरी...

२३ सप्टें.
तलाठ्यानं कळवलं, नकाशावर रस्ता नाय. म्हंजे आता जुनी वहिवाट दाखवावी लागणार. बाप, आजा तिथूनच जात होते, अन् हक्कानं जात होते. परवा दादाचा जबाब हाय.
"नीट बोल," म्हटलं.
"मला शिकवू नको, सातवी नापास."
तो तरी कुठं कलेक्टर.

७ ऑक्टो.
हरलो.
सलीमनं निकालाची नक्कल काढून फोटो पाठवले. आम्ही एका वर्गात होतो, आता तहसीलसमोर अर्ज लिहायचं दुकान त्याचं. मला ती भाषा कळंना, त्यानंच वाचून सांगितलं. दादाच्या जबाबात हाय, 'आमचे वडील दरवर्षी आबांना विचारूनच गाडी नेत असत.' त्याच्यावर साहेबांनी लिहिलं, विचारून जात होते म्हणजे परवानगी होती, हक्क नव्हे.
सलीम म्हणे, "तेरे भाई ने तो आबा का वकील बनके बयान दिया रे."
दादा फुकट बोलला, का तेही रोजानं? जेवलो नाय.

८ ऑक्टो.
दादाला फोन लावला. "किती घेतले?" विचारलं. कापला त्यानं.
मग मायचा आला. "मला विचारलं असतं तर मी बी तेच सांगितलं असतं. न विचारता दुसऱ्याच्या रानात गाडी घालायला तुझा बाप काय चोर होता?"

११ ऑक्टो.
भट्टी बंद होती, बसून होतो, तर एकदम आठवलं. पेरणीची गाडी, मी मागं बियाण्याच्या पोत्यावर. बाप लांबूनच ओरडायचा, "आबा, येऊ का?" अन् आबा बाजेवरनं, "ये की लेका! रस्ता काय माझ्या बापाचा हाय का?" दरसाली हेच. दोघं हसायचे.
ही काय परवानगी झाली?
सलीमला लगेच फोन, आबाचं बोलणं जबाबात हाय का बघ. त्यानं परत सगळं वाचलं. नाय. बापानं विचारलेलं हाय, आबा काय म्हणला ते नाय.
आता दादानं सांगितलंच नाय, का कारकुनानं लिहिलं नाय?

१३ ऑक्टो.
दादा म्हणतो, सांगितलं होतं. "कारकून म्हणला तेवढं पुरे, सही कर. केली." आवाज पडलेला. खरा वाटला. पण काही लपवायचं असलं तरी त्याचा आवाज असाच पडतो.
सलीमच्या ओळखीचा वकील म्हणे वर प्रांताकडं जाता येईल, पण हे बोलणं आता ऐकतील का नाय, सांगता येत नाय. आबा तर नाकारणारच. ते ऐकलेले आम्ही दोघंच उरलो, मी अन् दादा. म्हंजे त्याला आबासमोर माझ्या शेजारी उभं राहावं लागंल. मका वाळत आलाय, काढून न्यायचा कुठून?
"आबाचं ट्रॅक्टर सोडतोस का?" विचारलं.
"तू आधी ये तर," म्हणाला.

१४ ऑक्टो.
सुट्टी मागितली, मुकादम बघतो म्हणाला. वकिलाचे पैसे सलीमकडं टाकायचं सकाळी पक्कं केलं होतं. दुपारी दादाच्याच नंबरवर टाकले. पावतीचा फोटो पाठव म्हणून सांगितलंय. वकिलानं मागितले त्याच्या निम्मे, सध्या सहा हजार.