प्रभारींकडे सादर

६ जानेवारी, सोमवार
साहेब तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेले. जाताना आदेश काढला: चंद्रपूरच्या या औषध कार्यालयाचे सर्व अधिकार वरिष्ठ निरीक्षकाकडे. म्हणजे माझ्याकडे. ‘सर्व’ या शब्दाखाली मी पेन्सिलने रेघ मारली. चौदा वर्षे वाट पाहिली, आनंद व्हायला हवा होता. झाला असावा.
संकल्प: एकही फाइल टेबलावर झोपणार नाही.
साहेबांच्या खुर्चीत बसलो. मागे जाते, थांबत नाही. दुरुस्तीची नोट टाकली.

७ जानेवारी, सकाळी ११
लॅबचा रिपोर्ट आला. नोव्हेंबरात राजुऱ्याच्या एका होलसेलरकडून मी स्वतः सॅम्पल घेतले होते, बीपीच्या गोळ्यांचे. रिपोर्ट म्हणतो, गोळीत औषध जवळपास नाहीच. बॅच २१७. माल राजुरा आणि जिवतीच्या दुकानांत गेलेला. विक्री ताबडतोब थांबवली पाहिजे.
लिपिक डिंपल म्हणाली, साहेब, हा आदेश त निरीक्षक म्हनूनही तुमाले काढता येते, आत्ताच टाइप करून देऊ का. पोरीला पद्धत माहीत नाही. निरीक्षकाने परस्पर आदेश काढला तर प्रभारी अधिकाऱ्याला काय किंमत राहिली? निरीक्षकाने प्रस्ताव सादर करायचा, प्रभारीने मंजूर करायचा. दोन्ही मीच असलो म्हणून काय झाले.

दुपारी ४
निरीक्षक म्हणून प्रस्ताव लिहिला, सही केली. रीतसर डाकेतून माझ्याकडे पाठवायला सांगितले.

८ जानेवारी
प्रस्ताव अजून माझ्यापर्यंत आलेला नाही. माझे जुने टेबल आणि साहेबांची केबिन यांत बारा पावले. डिंपलला खडसावले. म्हणाली, तुमीच त म्हनलं डाकेतून येऊ द्या. तेही खरे.
बुधरी केबिन झाडायला आली. नऊ वर्षे सफाईला आहे. आज मध्येच भिंत धरून उभी राहिली. म्हणाली, साहेब, डोस्कं गरगर फिरून राह्यलं, बीपीची गोळी त रोज खातो मी. तिची लेक दीपाली राजुऱ्याला दिली आहे, तीच तिकडून गोळ्या आणून देते. मी सांगितले, एकही दिवस चुकवू नको, औषधावर विश्वास ठेव. तिने मान हलवली. अधिकार आल्यापासून माझ्या सल्ल्याला वजन आले आहे.

१० जानेवारी
प्रस्ताव आला. भाषा बरी, पण घाईची. सहपत्रांची यादी नाही. होलसेलरच्या लायसन्सचा नंबर आहे, मुदत लिहिलेली नाही. आपलाच माणूस म्हणून सोडून दिले तर उद्या सगळे बोट दाखवतील. ‘त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे’ असे समासात लिहून परत केला. दोन मिनिटे शांत वाटले.

११ जानेवारी, शनिवार
सुटी असून काम. व्याघ्र प्रकल्पाच्या तोंडाशी असलेल्या मोहर्लीच्या मेडिकलची तपासणी. गाडीत जागा रिकामी जाऊ नये म्हणून बायको उर्वशी आणि तिच्या माहेरची मंडळी सोबत घेतली. मेडिकल बंद होते. वाघही दिसला नाही.

१३ जानेवारी
त्रुटीचा शेरा हातात पडला. निरीक्षक म्हणून राग आला. त्या होलसेलरकडे दोन तास ताटकळत उभे राहून सॅम्पल मी घेतले, केबिनमध्ये बसणाऱ्यांना काय कळणार. तरी वाद घातला नाही. त्रुटी पूर्ण करायला घेतल्या.

१४ जानेवारी
संक्रांत. बुधरीने तिळगूळ दिला. देताना हात थरथरला, अर्धा फायलीवर सांडला. फाइल पुसायला तिलाच सांगितले.

१५ जानेवारी
प्रस्ताव फेरसादर. आता नाव ठेवायला जागा नाही. घाईने मंजूर केला असे कुणी म्हणू नये म्हणून शेरा मारला: ‘चर्चा करावी.’

१६ जानेवारी
चर्चेची वेळ दुपारी तीन. पावणेतीनला कलेक्टर ऑफिसची मीटिंग निघाली. चर्चा तहकूब.

१७ जानेवारी
चर्चा झाली. दार लावून, वीस मिनिटे. एकमत झाले की आदेशावर प्रभारीच्या नावाचा शिक्का पाहिजे. करायला टाकला. डिंपल म्हणाली, शिक्क्याबिगर सही चालत नाई काऊन? मी फोन तरी करतो ना साहेब त्या होलसेलरले. मनाई केली. फोनला जावक क्रमांक नसतो.
बुधरी म्हणाली, डावा हात जड लागून राह्यला. थंडीचे दिवस आहेत, असे सांगितले. गोळी चालू आहे ना, तेही विचारले. रोज खातो म्हणाली.

२० जानेवारी
बुधरी आली नाही. केबिन तशीच. गैरहजेरी मांडायला सांगितली. शिक्केवाला म्हणतो, शुक्रवारी.

२१ जानेवारी
डिंपलने सांगितले, बुधरी दवाखान्यात आहे. रविवारी सकाळी चुलीपाशी पडली. डावी बाजू गेली, बोलता येत नाही. हजेरीपटावर गैरहजर खोडून ‘आजारी’ केले. हा निर्णय मी जागच्या जागी घेतला, कुणालाही न विचारता. अधिकार म्हणतात तो हा.

२३ जानेवारी
प्रस्ताव मंजूर. कामाचे फक्त तेरा दिवस लागले. आदेश टाइप होऊन टेबलावर आहे. शिक्का राहिला.

२४ जानेवारी, सायंकाळी ५.३०
शिक्का आला. अक्षरे कोरीव. पण डाक पाचला निघून गेली होती. सोमवारी.

२७ जानेवारी, सोमवार
साहेब परत. आदेश पुढे ठेवला. त्यांनी रिपोर्टची तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिले. मी प्रस्तावाचा प्रवास सांगितला. त्यांनी फोन उचलला. आधी होलसेलर, मग राजुऱ्याची दुकाने, मग जिवतीची. अकरा मिनिटांत विक्री थांबली. तशी थांबण्यासारखी फार उरली नव्हती, माल बहुतेक खपला होता. आदेश त्यांनी स्वतःच्या सहीने काढला. माझे अधिकार संपले. जुन्या टेबलावर आलो.

दुपारी ३
दीपाली आली. पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, दवाखान्यातले डाक्टर म्हनले, हे औषध हापिसात दाखव. बॅच २१७. दोनदा वाचले. पट्टीत चार गोळ्या उरल्या होत्या. बाकीच्या बुधरीने एकही दिवस न चुकवता घेतल्या होत्या.
दीपालीने विचारले, माय तुमच्याच केबिनीत झाडे, चक्कर येते म्हनून तुमाले कधी बोलली नाई का?
मी म्हणालो, नाही.
वाईट वाटायला पाहिजे हे कळत होते. वाट पाहिली. काही आले नाही.
तिने तक्रार लिहून आणली होती. अक्षर डिंपलचे. एक तक्रार होलसेलरविरुद्ध, दुसरी रिपोर्ट दाबून बसलेल्या अधिकाऱ्याविरुद्ध. पोच मागितली. पोच द्यायला निरीक्षकाची सही पुरते, कुणाकडे सादर करावे लागत नाही. लगेच दिली. ती म्हणाली, शिक्का बी मारा साहेब, मंग कोनी नाई म्हनत नाई. हाताशी नवाच होता. मारला. पहिल्यांदाच वापरला. प्रभारी अधिकारी, खाली माझे नाव. स्वच्छ उठला.