दोनदा वाजवलेलं कौल

आबा, मी कोण ते ओळखलंत का? नका डोकं खाजवू. जिवंत असतानाही तुम्ही आधी तिन्ही बहिणींची नावं घ्यायचात, मग गाढवीचं, आणि मग माझ्यावर यायचात. मी धाकटी, माती तुडवणारी. शाळेत घातलं नाहीत, म्हणून मी सांगतेय आणि सून लिहितेय.

सध्या मी मुलाकडे आहे, हॉलंडात, नीउ-व्हेनेपला. इथली घरं इतकी सारखी की नात बरोबर नसली तर मला आपलं दार सापडत नाही. रविवारी मला द हेगच्या एका म्युझियममध्ये नेलं. सून म्हणाली, "आई, जपानची जुनी कौलं मांडलीयत, तुम्हाला आवडतील." मी म्हटलं, "कौलं बघायला तिकीट? आमच्या आबांनी जन्मभर फुकट दाखवली." पण गेले. काळीकरडी कौलं, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक. आढ्याच्या टोकाला शिंगांचा राक्षस, घराची राखण करणारा, मातीचाच. भुवया थेट तुमच्या. नात म्हणाली, "आजी, ही इज सो अँग्री." मी म्हटलं, "याच्याच हाताखाली वाढलेय मी." पुढे एक कौल उघडंच ठेवलेलं. मी वाकले आणि बोटाच्या पेरानं वाजवलं. खण्ण झालं. लगेच पहाऱ्यावरची बाई "मेव्राऊ, मेव्राऊ", म्हणजे इथलं बाईसाहेब, करत धावली. सुनेनं माफी मागितली, म्हणाली, यांच्या घरचा धंदा होता, सवय आहे.

आणि मी तिथे उभी असतानाच डोळ्यांपुढे आपली भट्टी उघडलीय. तुम्ही उकिडवे बसून एकेक कौल वाजवताय. बद्द वाजलं की बाजूला, खणखणीत वाजलं की ढिगावर. मी राख उपसतेय आणि डोळा तुमच्या हातावर ठेवलाय, कारण त्यात एक माझं आहे. तुम्ही बाजाराला गेला होतात तेव्हा मी चाकावर बसले होते. तुमच्यासारखीच नळी उठवली, उभी चिरून दोन कौलं केली. एक वाळताना तडकलं, दुसरं तुमच्या कौलांत सरकवलं. कुंभाराच्या पोरीनं चाकाला शिवायचं नाही, हे मला बोलायला येण्याआधीपासून ठाऊक होतं. ते कौल तुमच्या हातात आलं आणि तुम्ही थांबलात. हे आपल्या हातचं नाही, हे तुम्हाला कळलं. एकदा वाजवलंत. माझ्याकडे बघितलंत. पुन्हा वाजवलंत. खणखणीत. मग दगडावर आपटलंत आणि म्हणालात, "चाक बाटवलंस." आईनं चाक धुऊन हळदकुंकू वाहिलं. भावाला बळंच त्यावर बसवलंत. तो पुढे ट्रकवर गेला आणि चाक गोठ्यामागे कुजलं. कोंबड्या बसायच्या त्यावर, त्यांचा विटाळ नव्हता. मी मात्र लग्नापर्यंत माती तुडवली. जी माती माझ्या पायांना चालली ती हातांना का चालली नाही, हे तुमच्या भुवया बघून विचारलं नाही.

इथे सून लिहायची थांबली. "जाऊ दे ना आई. जुनी माणसं, जुने रिवाज." मी म्हटलं, रिवाजानं फोडलं असतं तर न वाजवताच फोडलं असतं. पहिल्यांदा वाजवलं ते सवयीनं, ते मी धरत नाही. दुसऱ्यांदा का वाजवलंत आबा? चांगलं होतं ना? एवढं तोंडानं म्हणायचं आणि मग खुशाल फोडायचं.

हा कागद पाठवणार कुठे? पितरांचं पान ठेवलं तर इथे कावळ्याआधी समुद्रपक्षी झडप घालतात. राहू दे घरातच. एक मात्र सांगते, सुनेनं सवय म्हटलं ते खरं नाही. मला तो आवाज ऐकायचा होता. ऐकला, आणि वाटलं, माझं याहून बरं वाजलं होतं.

तुम्हाला काही पाठवावंसं वाटलंच, तर भट्टीच्या राखेत भाजलेलं रताळं पाठवा. भावाला एक आणि आम्हा चौघींत एक, तसं नको. अख्खं पाठवा.