जांभळ्याचं गुलाबी झालं तेव्हा

प्रिय चिमणे,

बावीस वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट उघडावं की नाही, असं तुला वाटलं असेल. उघडलंस, बरं वाटलं.

लॅब तीच आहे. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या आणि नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या आठवड्यात सगळ्या सारख्याच चुकतात. काचेवरच्या पाण्याच्या थेंबात जंतूंची वसाहत तारेच्या टोकानं जेमतेम टेकवायची, तर या पावाला लोणी फासावं तशी थापतात. पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे इतकं पातळ पसरा, म्हणून मी घसा कोरडा करते. मग काच वाळवायची, ज्योतीवरून तीनदा फिरवायची, हाताच्या पाठीला लावून बघायची. किंचाळलात तर जास्त तापली. पुढे जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट आणि शेवटी लाल. स्पिरिटच्या वेळी मात्र मी स्वतः शेजारी उभी राहते. ते काही सेकंद जास्त राहिलं, तर जांभळे राहणारे जंतूही रंग सोडतात आणि गुलाबी दिसतात. मग रिपोर्ट उलटा, औषधही उलटं.

आपल्याकडे तापानं दाखल झालेल्या त्या शिक्षिकेचं तसंच झालं. तू नमुने आणायला खाली गेली होतीस, म्हणून तिची काच मी रंगवायला घेतली. तेवढ्यात घरून फोन आला, मुलाकडून होकार आल्याचा. रिसीव्हर कानाला आणि काचेवर स्पिरिट तसंच. परत येऊन मी घाईनं लाल रंग ओतला आणि काच तुझ्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. तुला गुलाबी दिसलं, तेच तू लिहिलंस. चुकीच्या औषधावर दोन दिवस शिक्षिकेचा ताप चढतच राहिला. शेवटी डॉक्टरबाईंनी दुसरी काच करून पाहिली, ती जांभळी निघाली.

रजिस्टरमध्ये सही तुझी होती. सगळ्यांसमोर विचारल्यावर तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "माझंच लक्ष नव्हतं." माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, लग्न ठरत होतं. मी मान खाली घालून काचा पुसत राहिले. शिक्षिका बरी होऊन आपल्या पायांनी घरी गेली. तू मात्र आठवड्यात राजीनामा दिलास आणि मी तुला थांबवलंही नाही.

परवा नव्या मुलींच्या मुलाखती झाल्या. एकीची हनुवटी पाहून माझा हात कागदावर थांबला. हेच काम का निवडलं, असं विचारलं तर म्हणाली, "आई हे करायची. का सोडलं, ते सांगत नाही." काल मी डॉक्टरबाईंच्या घरी जाऊन सगळं सांगून आले. त्यांनी त्या मुलीच्या अर्जावरचा तुझा पत्ता मागून घेतला. सोमवारी तुझी लेक रुजू होतेय. तिच्या हातात तार देण्याआधी तिलाही सांगणार आहे. तू नको म्हणशील, मला माहीत आहे. बावीस वर्षं तुझं ऐकून गप्प राहिले, आता ऐकणार नाही.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
जिराफ